आजचं चिंतन : गीता १८.५९ ते ६३ – स्वभाव, नशीब आणि ल्यूक स्कायवॉकर



आज एक श्लोक नाही, पाच एकत्र घेतोय. हे पाच सुटे सुटे वाचले की गडबड होते. ५९ आणि ६० मध्ये भगवंत अर्जुनाला सांगतात, ‘मी लढणार नाही’ हा तुझा निश्चय अहंकारातून आलाय, तो टिकणार नाही. तुझा स्वभावच तुला ओढून नेईल आणि जे नको म्हणतोयस तेच तू अवश होऊन करशील. ६१ मध्ये आणखी पुढे जातात: ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसलाय आणि यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांना फिरवतोय. ६२ मध्ये, त्यालाच पूर्ण शरण जा. आणि ६३ मध्ये? मला सांगायचं ते सांगून झालं, आता यावर नीट, पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

आता बघा, तीन श्लोक आधी ‘अवश’, आणि इथे ‘तुला वाटेल तसं’! कोड रिव्ह्यूमध्ये असं काही आलं असतं तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की या दोन्ही ओळी एकाच वेळी खऱ्या कशा?

आमच्या शनिवारच्या गीता वाचनात एका मुलाने हेच विचारलं, पण त्याच्यासाठी तो तर्काचा प्रश्न नव्हता. आजोबा प्रचंड रागीट, वडील तसेच. भरलेली ताटं भिंतीवर फेकलेली त्याने लहानपणापासून पाहिली आहेत. आता त्याच्या लग्नाचं बघतायत. तो म्हणाला, “दादा, आमच्या रक्तातच आहे हे. साठावा श्लोक तेच म्हणतो ना? मग एका मुलीच्या आयुष्याचं मी कशाला वाटोळं करू?” त्याला अर्थ समजावण्यात काही राम नव्हता, अठरावा अध्याय त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. पण त्याच्या बॅगेला डार्थ वेडरची कीचेन लटकत होती. म्हटलं, चल, तिथूनच सुरू करू.

स्टार वॉर्स ही वरवर अंतराळयानांची गोष्ट आहे, पण १९७७ पासून तिचा खरा विषय एक बाप आणि एक मुलगा आहे. बाप ॲनाकिन. त्याच्याबद्दल जुनं भाकीत आहे की हा ‘निवडलेला’, हा फोर्सचा तोल परत आणणार. त्याला स्वप्नं पडतात. आई तडफडतेय असं स्वप्न पडलं आणि आई खरंच गेली. त्यामुळे पुढे बायको पॅडमे बाळंतपणात मरतेय असं दिसू लागलं तेव्हा त्याने ते स्वप्न म्हणून घेतलंच नाही, निकाल लागलाय असं धरलं. योडा त्याला सांगतो, जे गमावण्याची भीती वाटते ते सोडायला शीक. त्याला ते पटत नाही. मरण रोखायची विद्या मिळेल या आशेने तो पॅल्पटीनच्या पायाशी जातो, आणि शेवटी पॅडमेचा गळा त्याच्याच शक्तीने आवळला जातो. बाळंत होऊन ती जाते. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये हे सगळं आहे. स्वप्न खरं झालं, पण ते खरं करायला जी धावपळ लागली ती सगळी ॲनाकिनने केली.

आपल्याकडे कंसाचं तेच आहे ना? देवकीचा रथ तो स्वतः हाकत होता, प्रेमाने. आकाशवाणी झाली आणि तलवार उपसली गेली. पण भागवतातला एक बारकावा आपण कीर्तनात ऐकतो आणि विसरतो: वसुदेवाने वचन पाळून पहिलं बाळ आणून दिलं, तेव्हा कंसाने ते परत केलं! भीती आठव्यापासून आहे, याला ने म्हणाला. नारद येऊन गेल्यावर त्याचं मन फिरलं. म्हणजे आकाशवाणी तीच, कंस तोच, आणि तरीही एक दिवस असा होता की त्याचा हात थांबला होता. मला ही ओळ कृष्णजन्माच्या कथेतली सगळ्यात अस्वस्थ करणारी ओळ वाटते.

आता मुलगा, ल्यूक. डॅगोबाच्या गुहेत त्याला वेडर दिसतो, तो त्याचं डोकं उडवतो, मुखवटा फुटतो आणि आत स्वतःचाच चेहरा. १९८० च्या सिनेमात वेडरच आपला बाप हे त्याला कळतं. मग १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये सम्राट त्याला डिवचत राहतो: राग येऊ दे, तुझं नशीबच आहे हे, तू बापासारखाच होणार. आणि राग येतो! वेडर बहिणीचं नाव काढतो तेव्हा ल्यूक बेभान होऊन तुटून पडतो आणि बापाचा हात तोडतो. तुटलेल्या मनगटातून वायरी बाहेर आलेल्या. ल्यूक आपल्या हाताकडे बघतो. तोही यांत्रिक आहे, याच बापाने तोडला होता. आणि तिथे तो थांबतो. लाइटसेबर फेकून देतो.

मी त्या मुलाला म्हटलं, बघ, राग आला नाही असं झालंच नाही. साठावा श्लोक तिथे शंभर टक्के खरा ठरला. रक्त उसळलं. तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतातच की ज्ञानी माणूसही स्वभावाप्रमाणेच वागतो, नुसतं दाबून काय होणार? पण लगेच पुढच्या श्लोकात सांगतात की आसक्ती आणि द्वेष इंद्रियांच्या वाटेवर दबा धरून बसलेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. ताब्यात जाऊ नकोस हे कोणाला सांगतात? ज्याला न जाणं शक्य आहे त्यालाच ना. स्वभाव धक्का देतो. धक्का लागणं आपल्या हातात नाही. ६३ व्या श्लोकातला ‘विमृश्य’ हा शब्द म्हणजे हाताकडे बघण्याचा तो एक क्षण.

‘यंत्रारूढ’ शब्द आला की मला तर वेडरच दिसतो, काळ्या यंत्रात बसवलेला, श्वाससुद्धा यंत्राचा. शंकराचार्यांनी इथे यंत्रावरच्या लाकडी बाहुल्यांचा दाखला दिलाय. गंमत अशी की भाकीत शेवटी त्या यंत्रातल्या माणसानेच पूर्ण केलं. मुलाला विजेने जाळणाऱ्या सम्राटाला वेडरनेच उचलून खाली टाकलं. नशिबात ते होतं म्हणा हवं तर, पण कुणी ढकललं नव्हतं. मुलाचा आवाज ऐकून त्याने स्वतः ठरवलं.

नशिबाबद्दल योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला फार रोखठोक सांगतात: दैव म्हणजे आपलंच आधीचं कर्म. जुना प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे टकरा देतात, ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. मला हे आवडतं कारण यात खोटा धीर नाही. जुना एडका धष्टपुष्ट असू शकतो. त्या मुलाच्या घरातला तर तीन पिढ्या पोसलेला आहे. एका टकरीत तो पडेल असं वसिष्ठही म्हणत नाहीत. त्या दिवशी आम्ही एवढंच ठरवलं की साखरपुड्याआधी त्या मुलीला घरची सगळी गोष्ट सांगायची, काही न झाकता, आणि समुपदेशकाची वेळ घ्यायची. निवड तिलाही करू दे. तिच्या वतीने तिचं नशीब ठरवणं हाही एक अहंकारच, ५९ व्या श्लोकातला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर लगेच रील्स फिरतील. फोर्स म्हणजेच ब्रह्म, योडा म्हणजेच ऋषी, असं मी म्हणत नाहीये. जॉर्ज लुकासवर जोसेफ कॅम्पबेलचा प्रभाव होता आणि कॅम्पबेलने भारतीय ग्रंथ वाचले होते, इतपत धागा आहे. पण फोर्सला कुणी प्रिय नसतं. तो प्रकाशाकडे वापरा, अंधाराकडे वापरा, चालतो. हृदयात बसलेला जो ६१ मध्ये आहे तो तसा तटस्थ नाही. सगळी सत्ता हातात असून तो सारथी होऊन बसलाय, आणि अर्जुनाला ‘कर’ म्हणण्याआधी ‘विचार कर’ म्हणतोय. आणि तिथेही थांबत नाही. मोकळीक दिल्यानंतर गप्प बसायचं, तर उलट पुन्हा एकदा जवळ बोलावून सांगतो की तू मला फार आवडतोस म्हणून अजून एक ऐक.

तो ६४ वा. उद्या तोच घेऊ. आज झोपण्याआधी हे पाच सलग वाचा, आणि ६३ वर आलात की थोडं थांबा.