सणाचे गोड आणि उष्मांकांचा हिशेब

मराठी माणसाचे वर्ष पंचांगाने मोजावे, तसेच ते पक्वान्नांनीही मोजता येते. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, गुढीपाडव्याला श्रीखंड, गणेशचतुर्थीला मोदक आणि दिवाळीला लाडू-करंज्या. प्रत्येक सणाचे स्वतःचे असे एक गोड आहे आणि ते केल्याखेरीज सण साजरा झाल्याचे समाधान घरातील कोणालाच लाभत नाही. अशा घरातील एखाद्या मध्यमवयीन व्यक्तीला डॉक्टर वजन कमी करण्यास सांगतात, आहाराचे उष्मांक ठरवून देतात आणि घरी येताच पहिला निर्णय होतो तो 'आजपासून गोड बंद' हा. हा निर्णय बहुधा पुढच्या सणापर्यंत टिकतो. सणाच्या दिवशी तो मोडला की पथ्यच मोडल्याची भावना होते आणि मग उरलेले नियमही एकामागून एक सुटत जातात.

वस्तुतः उष्मांकांच्या मर्यादेत राहूनही सणाचे गोड खाता येते. त्यासाठी निग्रहापेक्षा हिशेबाची आवश्यकता अधिक आहे. हा हिशेब कठीण नाही. चौथीच्या विद्यार्थ्याला येणारी बेरीज-वजाबाकी त्याला पुरेशी आहे.

प्रश्नाचे स्वरूप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती मधुमेही आहेत, तर सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहाच्या पूर्वावस्थेत आहेत. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढ स्त्री-पुरुषांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. त्याच सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के बालके कमी वजनाची आढळली, ही गोष्टही तितकीच ध्यानात ठेवावयास हवी. एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात, एकाला उष्मांक कमी हवे असतात आणि दुसऱ्याला अधिक. म्हणून पुढील विवेचन वजन आटोक्यात ठेवू इच्छिणाऱ्या निरोगी प्रौढांपुरते आहे. वाढत्या वयाची मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना ते लागू करू नये. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वागावे.

पूर्वीच्या पिढ्या पंगतीत चार-चार पुरणपोळ्या सहज खात व त्यांना काही होत नसे, असे नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० उष्मांकांची गरज असते. तेवढ्याच वजनाच्या, अतिश्रमाचे काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. दोहोंतील फरक १,३६० उष्मांकांचा आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे, तो जवळजवळ चार पुरणपोळ्यांचा फरक आहे. नांगर धरणाऱ्या आजोबांच्या चार पोळ्या त्यांच्या श्रमात जिरत होत्या. खुर्चीवर बसून दिवस काढणाऱ्या नातवाने ताट तेच ठेवले आणि श्रम मात्र सोडले. बैठे काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीची गरज तर अवघी १,६६० उष्मांकांची आहे.

एका पुरणपोळीचे गणित

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके तयार केली आहेत. त्यांतील आकडे घेऊन कोणत्याही घरगुती पदार्थाचा अंदाज बांधता येतो. मध्यम आकाराच्या एका पुरणपोळीसाठी २५ ग्रॅम हरभऱ्याची डाळ, २५ ग्रॅम गूळ, २५ ग्रॅम कणीक आणि लहान चमचाभर तेल लागते असे धरू. डाळीचे ९३, गुळाचे ९६, कणकेचे ८५ आणि तेलाचे ४५ मिळून ३१९ उष्मांक होतात. वर चमचाभर तूप घेतल्यास आणखी ४५ मिळून बेरीज ३६४ होते. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे १७५ उष्मांक असतात. म्हणजेच तूप लावलेली एक पुरणपोळी ही दोन भाकरींच्या बरोबरीची आहे.

या एका समीकरणात नियंत्रित आहाराचे मर्म आले. पुरणपोळी दोन भाकरींच्या जागी खाल्ली, तर जेवणाच्या एकूण उष्मांकांत फारसा फरक पडत नाही. नेहमीचे जेवण करून 'वर' एक पुरणपोळी खाल्ली, तर ते ३६४ उष्मांक संपूर्णपणे अधिक होतात आणि साठ किलोच्या माणसाला ते खर्च करण्यासाठी दीड तासाहून अधिक काळ झपझप चालावे लागते. गोड हे जेवणाचा भाग म्हणून घ्यावे, जेवणावरची भर म्हणून घेऊ नये, एवढाच याचा अर्थ.

इतर पक्वान्नांचाही असाच अंदाज करता येईल. १५ ग्रॅम तांदळाचे पीठ, १५ ग्रॅम ओले खोबरे व १० ग्रॅम गूळ यांच्या उकडीच्या एका मोदकात सुमारे १५५ उष्मांक असतात. दोन मोदक म्हणजे तुपाविना एक पुरणपोळी झाली. तिळगुळाच्या १५ ग्रॅमच्या लहान लाडवात सुमारे ७० उष्मांक असतात. श्रीखंडात चक्क्याच्या वजनाइतकी साखर घालण्याचा प्रघात आहे. असे श्रीखंड १०० ग्रॅम घेतले, तर केवळ साखरेचेच २०० उष्मांक होतात, चक्का व पुऱ्या वेगळ्याच.

साखर मोठी की तूप?

गोड म्हटले की लक्ष साखरेकडे जाते आणि तूप विसरले जाते. एक ग्रॅम साखरेत ४ उष्मांक, तर एक ग्रॅम तुपात ९ उष्मांक असतात. त्यामुळे पुरणात थोडा गूळ कमी केल्याने जेवढे साधते, त्यापेक्षा पोळीवरचे एक चमचा तूप कमी केल्याने अधिक साधते. तळलेल्या करंजीपेक्षा उकडीचा मोदक या दृष्टीने उजवा ठरतो.

साखरेऐवजी गूळ वापरल्यास पथ्य सांभाळले जाते, हाही एक रूढ समज आहे. पोषणमूल्यांच्या कोष्टकात १०० ग्रॅम साखरेचे ३९८ उष्मांक दिले आहेत आणि उसाच्या गुळाचे ३८३. मधाचे ३१९ आहेत. गुळाला स्वतःची चव आहे, त्यात काही खनिजेही आहेत. परंतु उष्मांकांच्या वहीत गूळ आणि साखर एकाच रकान्यात मांडावी लागतात. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचा आधार घेऊन वजन कमी करू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना मात्र ही शिफारस लागू केलेली नाही.

खरा खर्च चहाच्या पेल्यात

वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांहून कमी असावी, अशी शिफारस राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा २५ ग्रॅमची, म्हणजे पाच लहान चमच्यांची होते. पंधराशे उष्मांकांच्या आहारात ती चार चमच्यांहूनही थोडी कमी भरते.

आता एखाद्या कार्यालयातील नित्याचा दिवस पाहू. घरून निघताना एक चहा, कार्यालयात दोन, बाहेरून आलेल्या पाहुण्याबरोबर एक आणि संध्याकाळी घरी एक, असे पाच पेले चहा होतात. प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर ५० ग्रॅम साखर आणि २०० उष्मांक होतात. बिस्किटे यात धरलेली नाहीत. दोन हजार उष्मांकांची मर्यादा या चहानेच दुपटीने ओलांडली. महिन्याला हा आकडा ६,००० उष्मांकांवर जातो. तूप लावलेल्या सोळा पुरणपोळ्यांत एवढे उष्मांक असतात.

महिन्याला सोळा पुरणपोळ्या कोणीही खात नाही. तथापि तेवढे उष्मांक चहातून पोटात जातात आणि त्याची कोणाला आठवणही राहत नाही. पुरणपोळीबरोबर डाळ व कणकेतून सुमारे ८ ग्रॅम प्रथिने तरी मिळतात. चहातील साखरेतून केवळ उष्मांक मिळतात. वर्षातून मोजक्या वेळा येणाऱ्या पक्वान्नावर बंदी घालावयाची आणि दिवसातून पाच वेळा येणाऱ्या साखरेकडे काणाडोळा करावयाचा, हा हिशेब उलटा आहे. रोजची साखर कमी केली की सणाच्या गोडासाठी जागा आपोआप निर्माण होते. प्रत्येक पेल्यातील अर्धा चमचा दर पंधरवड्याला कमी करीत गेल्यास दोन महिन्यांत बिनसाखरेचा चहा अंगवळणी पडतो.

सणाच्या दिवसाचा नमुना

पंधराशे उष्मांकांचा आहार घेणाऱ्या शिक्षिकेचा होळीचा दिवस उदाहरणादाखल घेऊ. सकाळी बिनसाखरेचा चहा व बशीभर पोहे, असे सुमारे २२५ उष्मांक. दुपारी चमचाभर तुपासह एक पुरणपोळी, वाटीभर कटाची आमटी, दह्यातील कोशिंबीर, पालेभाजी आणि थोडा भात, असे सुमारे ६४०. तिसऱ्या प्रहरी बिनसाखरेचा चहा व एक पेरू, सुमारे ८५. रात्री एक भाकरी, मुगाची आमटी, भाजी व पेलाभर ताक, सुमारे ४३५. निजताना लहान पेलाभर बिनसाखरेचे गाईचे दूध, सुमारे १००. एकूण १,४८५.

पुरणपोळीतील २५ ग्रॅम गुळाने त्या दिवसाची साखरेची मर्यादा काहीशी ओलांडली जाते, म्हणून चहा व दूध बिनसाखरेचे ठेवले आहे. दुपारी भाकरी नाही आणि भात थोडा आहे. कोशिंबीर, भाजी व आमटी आधी खाऊन पोळी सावकाश खाल्ली, तर एकीनेही तृप्ती होते. सणाच्या आदल्या दिवशी किंवा सकाळी उपाशी राहून 'जागा करणे' मात्र योग्य नव्हे. भुकेलेला माणूस हिशेब विसरतो आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना तर उपवासाने अपाय होऊ शकतो.

आग्रहाचे वाढप

हिशेब मोडतो तो बहुधा स्वतःच्या इच्छेने मोडत नाही, दुसऱ्याच्या आग्रहाने मोडतो. पंगतीत 'आणखी एक' म्हणून वाढणे हे आपल्याकडे आदरातिथ्याचे लक्षण मानले जाते व नाकारणे हा अपमान समजला जातो. आपल्या घरात कोणाला कोणते पथ्य आहे हे लक्षात ठेवून त्याप्रमाणे वाढणे, हेही आदरातिथ्यच होय. लहान पोळ्या, लहान मोदक आणि लहान वाट्या एवढा बदल केला, तरी नैवेद्य पूर्ण होतो, पान सुने दिसत नाही आणि नाकारण्याचा प्रसंगही येत नाही.

शाळा व ग्रामपंचायत

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्याशी संलग्न शाळांना 'शुगर बोर्ड' लावण्याची सूचना केली. कोणत्या पदार्थात किती साखर असते आणि किती साखर योग्य, हे विद्यार्थ्यांना दिसावे, हा त्यामागील हेतू. असा फलक कोणत्याही शाळेत खडू-फळ्यानेही तयार होऊ शकतो. तराजूवर ५ ग्रॅम साखर तोलून ती चमच्यात किती भरते हे मुलांना दाखवावे. सामान्यतः १०० मिलिलिटर गोड शीतपेयात १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तेव्हा ३०० मिलिलिटरच्या बाटलीत किती चमचे साखर झाली, हे गणित मुलांनीच करावे. सहा चमच्यांचा ढीग समोर दिसला की वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. मात्र शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळाचा लाडू अशक्त मुलाला उपयुक्त आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

ग्रामपंचायतीला यासाठी स्वतंत्र निधीची गरज नाही. ग्रामसभेच्या चहात साखर न घालता ती वेगळ्या वाटीत ठेवावी, बैठकीत बिस्किटांऐवजी हंगामी फळे किंवा फुटाणे द्यावेत आणि आरोग्य तपासणीच्या दिवशी वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजला जाईल हे पाहावे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही सावधगिरीची खूण मानली जाते.

सणाचे गोड हे कुटुंबाला आणि गावाला एकत्र आणणारे अन्न आहे. पथ्याच्या नावाखाली घरातील एका व्यक्तीला त्या पंगतीतून उठवण्याचे कारण नाही. रोजच्या पेल्यातील साखर मोजली आणि ताटातील दोन भाकरींच्या जागी एक पोळी घेतली, तर ती व्यक्ती सर्वांबरोबर बसेल, सर्वांचे गोड खाईल आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावरही निःशंकपणे उभी राहील.