लग्नाची कॅसेट डिजिटल करून घेताना

आमच्या किनवटसारख्या तालुक्याच्या गावी ऐंशी-नव्वदच्या दशकांतील लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आजही कित्येक कपाटांत पडून आहेत. दिवंगत वडीलधाऱ्यांचा आवाज अनेक घरांत तेवढाच शिल्लक आहे. टेपला बुरशी लागते आणि नवा व्हीसीआर मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैत तो बनविणे थांबविले. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. मात्र माल हातावेगळा करण्यापूर्वी त्या धंद्याचे शब्द समजून घ्यावेत. आम्ही कापडवाले, तेव्हा कापडाच्याच भाषेत सांगतो.

कॅप्चर : कॅसेट व्हीसीआरवर चालवून चित्र व आवाज संगणकात उतरविणे. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. दहा मिनिटांत होते म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

कंटेनर : एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही ही गाठोड्यांची नावे आहेत. चित्र आणि आवाज त्यात एकत्र बांधलेले असतात.

कोडेक : गाठोड्यातील माल दाबून बसविण्याची व पुन्हा उलगडण्याची पद्धत. व्हीसीडीत एमपेग-१, डीव्हीडीत एमपेग-२, तर मोबाईलवर बहुधा २००३ साली आलेली एच.२६४ असते. फाइल एमपीफोर असूनही कधी टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र येत नाही. गाठोडे ओळखीचे, पण आतील चित्राचा कोडेक त्या टीव्हीला उलगडता येत नाही, हे त्याचे कारण.

बिटरेट : एका सेकंदाला खर्ची पडणारी माहिती. वीण विरळ तर कापड झिरझिरीत. बिटरेट कमी तर चित्रात चौकोन पडतात. ४ मेगाबिटला तासाची फाइल सुमारे १.८ जीबी होते.

रिझोल्यूशन : चित्रातील बिंदूंची संख्या. आपल्याकडील पाल पद्धतीच्या कॅसेटीचे कॅप्चर साधारणतः ७२० बाय ५७६ बिंदूंत करतात. व्हीसीडीत ३५२ बाय २८८ च असतात. 'फोर-के करून देतो' या बोलण्याला भुलू नये. पन्हा वाढविला म्हणून सूत वाढत नाही.

इंटरलेस : पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक दोन अर्ध्या भागांत. संगणकावर हलत्या हाताभोवती आडव्या रेघा दिसतात त्या यामुळेच. त्या काढण्याच्या कामाला डी-इंटरलेस म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. असे दाबून केलेले चित्र पुन्हा दुसऱ्या कोडेकमध्ये बदलले, की दर खेपेस काहीतरी गळते. नुसते गाठोडे बदलल्यास, म्हणजे रीमक्स केल्यास, गळत नाही. म्हणून पहिली प्रत चांगल्या बिटरेटची करून जपावी आणि मोबाईलसाठी लहान प्रत तिच्यावरूनच काढावी.

स्टुडिओवाल्याकडून पावतीवर कोडेक, बिटरेट व रिझोल्यूशन लिहून घ्यावे. थान मोजून घेणाऱ्या व्यापाऱ्याने इथेच मोजमाप का सोडावे? पहिली प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. जुनी कॅसेट मात्र टाकून देऊ नये.