चाकाचा बोल्ट आणि चंदेरी रंगाचा डबा

मशीन डिझाइनच्या पेपरात फटीगवर प्रश्न आला की आपण एस-एन कर्व्ह काढतो, व्होलरचं नाव लिहितो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. जर्मनीच्या या ऑगस्ट व्होलरने 1850-60च्या दशकांत रेल्वेचे आस मोडतात कसे हे शोधलं. मला मात्र ते कळलं पनवेलला, आमच्या घरासमोरच्या अंगणात, बाबांच्या छोट्या ट्रकखाली आडवं पडून.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून सळई भरून बोरघाटातून लोणावळ्याला जायचं होतं. गाडी धुताना पुढच्या डाव्या चाकाचा एक नट जागेवर दिसेना. सहापैकी एक बोल्ट चाकाच्या पातळीलाच तुटला होता. बाजूच्या नटांपासून गंजाचे तांबडे ओघळ आले होते. मी ते चिखलाचे समजून आधी पुसूनही टाकले! खरं तर सैल नट असेच बोलतात: आतला धातू घासतो आणि त्याची भुकटी गंजून बाहेर येते.

बाबा म्हणाले, "पाच आहेत की अजून. खेप तर करून येऊ."

गल्लीतले मिस्त्रीकाका आले. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढूनमागून दगड. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल केले. मग जॅक, आणि एक्सलखाली लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे काकांनी तीनदा बजावलं. चाक काढलं, ड्रम उतरवला. तुटलेल्या बोल्टवर पंच ठेवून हातोड्याने मागच्या बाजूला ठोकला, तो निघाला. आमच्या गाडीत मागे तेवढी जागा होती. नसेल तर अख्खा हब काढावा लागतो, बेअरिंगलाही हात लागतो. ते काम गॅरेजवरच न्यावं.

तुटलेलं टोक हातात घेतलं आणि पुस्तकातलं चित्र समोर आलं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वाकड्या रेषा. उरलेला भाग खरबरीत. म्हणजे चीर कित्येक दिवस सरकत होती आणि शेवटचा तुकडा एकदम तुटला.

पण नट सैल का झाले? काकांनी चाकाची आतली बाजू पाहिली आणि विचारलं, "हा रंग कुणी मारला?"

मी मारला होता. दसऱ्याच्या पूजेसाठी सगळी चाकं उतरवून दोन्ही बाजूंना चंदेरी रंगाचे जाड हात दिले होते. चाक जिथे हबला टेकतं तिथेही!

आता गणित बघा. चाक बोल्टवर लटकलेलं असतं असं मला वाटायचं. तसं नाही. घट्ट केलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो, चाक हबवर दाबून धरतो, आणि भार त्या दाबामुळे होणारं घर्षण पेलतं. 40 मिलिमीटर लांबीच्या बोल्टवर 500 मेगापास्कल ताण धरा, स्टीलचा मॉड्युलस 200 गिगापास्कल. बोल्ट ताणला जातो फक्त 0.1 मिलिमीटर! जाड रंगाचे दोन थरही साधारण तेवढेच. ब्रेकच्या उष्णतेने आणि भाराने रंग चेपला की ताण गेला. मग चाक हलायला लागतं, प्रत्येक फेऱ्याला बोल्ट वाकतो आणि व्होलरचा प्रयोग सुरू होतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर. म्हणून एक तुटला तर दोन्ही बाजूंचेही बदलायचे, दोन किंवा जास्त तुटले तर सगळेच.

हे मी बाबांना सांगितलं, रंगाचं पण सांगितलं. ते काही बोलले नाहीत. व्यापाऱ्याला फोन करून उद्याची खेप एक दिवस पुढे ढकलली. दिवाळीच्या तोंडावर दिवसाचं भाडं म्हणजे काय, ते ट्रकवाल्याच्या घरातल्यांना वेगळं सांगायला नको.

तीन नवे बोल्ट आणले, अगदी त्याच मापाचे. मागून घालून, वायसर आणि जुना नट लावून खाचांमध्ये ओढून बसवले; नव्या नटाचे आटे त्यात खराब करायचे नाहीत. डोकं मागे पूर्ण टेकलंय का ते पाहिलं. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळले. पाईप लावून वर उभं राहण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मीटरभर पाईपवर 60 किलोचा माणूस म्हणजे जवळजवळ 600 न्यूटन-मीटर! तेवढा टॉर्क बोल्टला ताणून निकामी करू शकतो. काकांकडे टॉर्क पाना होता, आकडा मॅन्युअलमधला घेतला. आट्यांना तेल लावायचं की नाही हेही तिथेच बघावं, कारण टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच ताणात जातो, बाकी घर्षण खातं.

दुसरा पूर्ण दिवस मी उरलेल्या पाच चाकांचा रंग खरवडत होतो. काकांनी प्रत्येक चाकाचे बोल्ट तपासले.

तिसऱ्या दिवशी बाबा लोणावळ्याला पोचले आणि माल उतरण्याआधी पाना लावला. नव्या जोडणीनंतर 50 ते 100 किलोमीटरवर हे करायचंच असतं. फोन आला, "पुढच्या डाव्याचे दोन नट थोडे फिरले रे. बाकीचे हलले नाहीत."