मालक गेले, लॅपटॉप कुलूपबंद : धंद्याचा डेटा परत कसा मिळवायचा?



आपल्याकडचे बरेच छोटे धंदे एकाच माणसाच्या भरवशावर चालतात. बिलं बाबा काढतात, उधारीची यादी त्यांच्याच लॅपटॉपवर, टॅलीसुद्धा त्यांनाच येतं. असे बाबा अचानक गेले की तेराव्याच्या आतच प्रश्न येतो, "लॅपटॉपचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?" आणि घरात सगळे एकमेकांकडे बघतात. तिकडे कामगारांचा पगार द्यायचाय, जीएसटी रिटर्नची तारीख जवळ आलीय, आणि कुणाकडून किती येणं आहे ते त्या बंद स्क्रीनच्या मागे.

आजच्या धड्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा : पासवर्ड म्हणजे फक्त दार. आपल्याला हवाय आतला डेटा. दार फोडण्याच्या घाईत डेटा घालवू नका.

आधी, काय करायचं नाही?

- "पासवर्ड काढून द्या" एवढंच सांगून लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे सोडून येऊ नका. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं की लॅपटॉप सुरू होतो, पण हिशेब जातो.
- विंडोजच्या रीसेटमध्ये "सगळं काढून टाका" हा पर्याय कधीच दाबू नका.
- बाबांचा मोबाइल रीसेट करून धाकट्याला वापरायला देऊ नका.
- त्यांचं सिम बंद करायची घाई करू नका.

पायरी १ : घरच्यांची लेखी संमती

लॅपटॉप हीसुद्धा वारसाहक्काची वस्तू आहे. आई, भाऊ, बहीण या सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद करा : "धंद्याच्या हिशेबासाठी हा कॉम्प्युटर अमुक व्यक्ती उघडेल." माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं बसतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात वाटणीचा वाद असेल तर आधी वकिलांना भेटा, मग लॅपटॉपला हात लावा.

पायरी २ : सिम जिवंत ठेवा

पासवर्ड बदलायचा ओटीपी बहुतेक वेळा मोबाइलवरच येतो. म्हणजे खरी किल्ली लॅपटॉपमध्ये नाही, सिममध्ये आहे. प्रीपेड सिम तीन महिने वापरलं नाही तर नंबर बंद पडू शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणून रिचार्ज चालू ठेवा. मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा, नंबर वारसाच्या नावावर करून घ्या.

पायरी ३ : कुलूप कुठलं आहे ते ओळखा

विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात.

*मायक्रोसॉफ्ट खातं :* लॉगिन ईमेलला जोडलेलं असतं. "पासवर्ड विसरलो" या पर्यायातून ईमेलवर किंवा मोबाइलवर कोड येतो आणि नवीन पासवर्ड करता येतो. मग लॅपटॉप इंटरनेटला जोडून तोच पासवर्ड टाका. चार आकडी पिन मात्र वेगळा असतो, तो फक्त त्या एका लॅपटॉपपुरता चालतो.

*लोकल खातं :* ईमेलशी संबंध नाही. एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की खाली रीसेटचा पर्याय दिसतो आणि सुरक्षा प्रश्न विचारले जातात. पहिल्या शाळेचं नाव, लहानपणीचं टोपणनाव वगैरे. ही उत्तरं मुलांना माहीत नसतात, पण आत्याला किंवा काकांना असतात. त्यांना फोन लावा.

त्याआधी टेबलाचा खण, डायरीचं शेवटचं पान आणि पाकीट बघितलंत ना? अनेकांचा पासवर्ड तिथेच लिहिलेला असतो.

पायरी ४ : डिस्क काढण्याआधी एक प्रश्न

वरचं काहीच जमलं नाही, तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. नुसता लॉगिन पासवर्ड असेल तर फाइली वाचता येतात, कारण त्या पासवर्डने फाइली सांकेतिक होत नाहीत.

पण डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर? मग डिस्क काढूनही उपयोग नाही. ४८ आकडी रिकव्हरी की लागतेच. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. चांगली बाजू अशी की ही की सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. म्हणजे पुन्हा ईमेल आणि सिम. म्हणून पायरी २ आधी घेतली.

बाजारात पासवर्ड उडवणारी साधनं मिळतात. ती वापरली तर लॅपटॉप उघडेल, पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड कायमचे जाऊ शकतात. धंद्याच्या कामात अनेकदा तेच जास्त मोलाचे असतात.

टॅलीचं वेगळं. लॅपटॉप उघडला आणि टॅलीने व्हॉल्टचा पासवर्ड मागितला, तर तो परत मिळवायची सोय नाही. अशा वेळी सीएकडे दिलेला जुना बॅकअप शोधा.

पायरी ५ : लॅपटॉप उघडलाच नाही तर?

घाबरू नका. धंद्याचा बराच डेटा बाहेर असतो.

- जीएसटीआर-१ मध्ये व्यापाऱ्यांना दिलेलं प्रत्येक बिल रकमेसकट असतं.
- जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादारांनी आपल्या नावावर लावलेली बिलं दिसतात.
- पासबुकात कुणाचे किती पैसे जमा झाले ते दिसतं.

आता बिलांच्या रकमेतून जमा रकमा वजा करा. राहिली ती अंदाजे उधारी. रोखीचे व्यवहार आणि किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी यात येणार नाही, ती विचारूनच लिहावी लागेल. पोर्टलची माहिती सीएकडून मिळेल, नाहीतर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे वारस म्हणून अर्ज करा. हे काम लांबवू नका. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं असते.

लॅपटॉप उघडला, तरी ही दारं उघडू नका

बाबांचं नेट बँकिंग, यूपीआय आणि डिजिटल सही. ओटीपी तुमच्या हातात आला म्हणून पैसे काढायचा हक्क येत नाही. बँकेला कळवा आणि वारस किंवा नॉमिनी म्हणून रीतसर दावा करा. एकल मालकीचा धंदा पुढे चालवायचा तर वारसाने स्वतःच्या पॅनवर नवीन जीएसटी नंबर घ्यायचा. जुन्या नंबरवरचं शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्या नंबरवर आणता येतं.

तुमचा गृहपाठ

आता स्वतःकडे वळू. उद्या तुम्ही दुकानात आला नाहीत, तर तुमच्या बायकोला किंवा नवऱ्याला, मुलाला, भागीदाराला लॅपटॉप उघडता येईल का? या रविवारी एवढं करा :

१. लॅपटॉपचा पासवर्ड, ईमेल आणि बिटलॉकर की कागदावर लिहा. पाकीट बंद करून घरच्या कपाटात ठेवा आणि एका माणसाला जागा सांगा.
२. लॅपटॉपवर विश्वासू माणसाच्या नावाने दुसरं ॲडमिन खातं उघडा.
३. गूगलच्या सेटिंगमध्ये "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" भरा. ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते आणि १० जणांपर्यंत नावं देता येतात. आयफोन असेल तर "लेगसी कॉन्टॅक्ट" नेमा. यातून साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत, म्हणून पाकीट हवंच.
४. दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कुणाला तरी उघडायला लावा. त्यांना उघडता आला, तरच तो बॅकअप.

आपण विमा काढतो, दुकानाची दुसरी किल्ली घरी ठेवतो. लॅपटॉपचीही दुसरी किल्ली ठेवा. दुःखाच्या दिवसांत घरच्यांना पासवर्ड शोधत बसावं लागू नये, एवढं तरी आपण आजच करू शकतो.