बोर्डाच्या शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत

आमच्या गुंजीतली म्हातारी माणसे गावच्या शाळेला अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. बोर्ड म्हणजे फळा, अशीच लहानपणी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक उतरवली, तेव्हा पणजोबांपासूनच्या पावत्या तारेत ओवलेल्या सापडल्या. खालच्या मराठीत, वरच्या कानडीत. आजी म्हणाली, “तू कॉमर्सला आहेस ना? मग सांग बघू, एवढे पैसे आम्ही कुणाला भरले?” मला सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा लेख.

आपला भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८६९ च्या कायद्याने तेथे लोकल फंडाची व्यवस्था झाली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, म्हणजे सव्वासहा टक्के. सारा आठ रुपये असला, तर लोकल फंड आठ आणे. हा पैसा मुख्यतः रस्ते आणि शाळा यांसाठी होता. पुढे लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव आला व १८८४ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्ड स्थापन झाले. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले. सुरुवातीला जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष खुद्द कलेक्टरच. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार बोर्डाकडे आला. ‘बोर्डाची शाळा’ हे नाव त्या काळात रूढ झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. येथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हैसूरच्या १९५९ च्या कायद्याने तालुका डेव्हलपमेंट बोर्डाला महत्त्व दिले, आणि जिल्ह्याच्या परिषदेकडे केवळ सल्ल्याचे काम उरले. महाराष्ट्रात उलट झाले. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद बलवान झाली. म्हणजे कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेल्या खानापूर-चंदगडपैकी एकाचा कारभार तालुक्यातून, तर दुसऱ्याचा जिल्ह्यातून चालू लागला.

कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने पुन्हा घडी बदलली. १९८७ मध्ये निवडणुका होऊन जिल्हा परिषदा व मंडल पंचायती आल्या. सर्वसाधारणपणे आठ ते बारा हजार वस्तीला एक मंडल. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९३ चा पंचायत राज कायदा आला आणि आजची ग्रामपंचायत, तालुका पंचायत व जिल्हा पंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. ग्रामपंचायतीसाठी पाच ते सात हजार वस्ती ठरली. मात्र बेळगावसारख्या काही जिल्ह्यांत अडीच हजारांवरही पंचायत करण्याची सवलत ठेवली. रानात विखुरलेल्या आमच्या वाड्यावस्त्यांना या सवलतीचे मोल विशेष आहे, कारण कचेरी लांब गेली की माणूस जायचे टाळतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर खात्याचे नाव वेळोवेळी बदलले, पैसे भरणारा तोच राहिला. पण भरणाऱ्याला खाते वाचता आले पाहिजे. त्याच तारेत मला एक कानडी सूचना मिळाली. घराच्या नोंदीविषयी कागद घेऊन यावे, असे तिच्यात होते. मुदत कधीच टळून गेली होती. आजी मराठी चौथी शिकलेली. तिने ती पावती समजून जपून ओवून ठेवली होती! मी तेव्हा घरातच होतो, आणि मला कानडी येत होते. तिने विचारले नाही, आणि मीही कधी पाहिले नाही. घर अजून आजोबांच्याच नावावर आहे.

कायद्याने सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा व्हावी लागते. जमाखर्च विचारण्याचा हक्क तेथे प्रत्येक मतदाराला आहे. आपल्यापैकी किती विद्यार्थी तिकडे फिरकतात? ज्यांना दोन्ही भाषा येतात, त्यांनी निदान आपल्या घरातल्या पावत्या घरच्यांना वाचून दाखवाव्यात, एवढीच विनंती.

नोंदीचा अर्ज मी कानडीत लिहिला आणि आजीला मराठीत वाचून दाखवला. तिने तो दोनदा ऐकला, मगच सही केली.