फलाट अडला की माल अडतो

रमजानचा दुसरा पंधरवडा लागला की नंदुरबार, नवापूर, शहादा येथील कापड-दुकानदारांची एकच तक्रार असते : सुरतेहून माल वेळेवर आला नाही, गिऱ्हाईक परत गेले. दोष गाडीला किंवा पार्सलबाबूला दिला जातो. आमच्या मते पुष्कळदा अडचण फलाटाची असते.

साधा हिशेब पाहू. गाडी फलाटावर पाच मिनिटे थांबते असे धरा. ती येण्याआधी मार्ग लावून सिग्नल द्यावा लागतो, सुटल्यावर मार्ग मोकळा होईपर्यंत थांबावे लागते. त्यात सहा-सात मिनिटे गेली, तर एका गाडीमागे फलाट बारा मिनिटे अडतो. म्हणजे तासाला फार तर पाच गाड्या. त्यातली एखादी तिथूनच सुटणारी असेल आणि अर्धा तास उभी राहिली, की मागच्या दोन-तीन गाड्या बाहेर सिग्नलवर खोळंबतात. दुकानात एक गिऱ्हाईक तासभर गल्ला अडवून बसले तर जे होते तेच.

फलाटाची लांबीही पाहावी लागते. नव्या पद्धतीचा एक डबा सुमारे साडेतेवीस मीटरचा असतो. चोवीस डब्यांची गाडी इंजिनासह पावणेसहाशे मीटरच्या वर जाते. फलाट आखूड असेल तर टोकाचा माल-डबा फलाटाबाहेर राहतो आणि हमालाला गाठ खडीवरून उचलावी लागते.

आपली ताप्ती व्हॅली लाईन बरीच वर्षे एकेरी होती. समोरची गाडी येईपर्यंत लहान स्टेशनांवर ताटकळणे ठरलेले असे. उधना ते जळगाव दुहेरीकरण २०१८ साली पूर्ण झाले आणि ते ताटकळणे पुष्कळ कमी झाले. पण रूळ दोन झाले म्हणून टोकाचे फलाट वाढत नाहीत. सुरत हे मुंबई-अहमदाबाद या गजबजलेल्या मार्गावरचे स्टेशन. आपली गाडी तेथे पाहुणी. उधन्याला मुख्य लाईनवर शिरायलाच तिला जागा मिळावी लागते, तिकडे जळगावलाही तोच प्रकार.

(नवापूरची गंमत सर्वांना ठाऊक आहे : स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. फलाट मात्र दोन्ही राज्यांना एकच हिशेब लावतो.)

आता व्यवहाराचे. माल घेण्याआधी गाडी सुरतेहून जाते, उधन्याहून, की बाहेरच्या बाहेर भेस्तानवरून, हे विचारून घ्यावे. भेस्तानच्या गाडीची सुरतेला वाट पाहणारे आम्ही पाहिले आहेत. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान मोफत नेता येते. त्यापुढची गाठ ब्रेकव्हॅनमध्ये रीतसर बुक करावी. डब्याच्या दारात गाठी रचल्या की उतारू चढायला वेळ लागतो, थांबा लांबतो, आणि मागची गाडी अडते. त्या मागच्या गाडीत आपल्याच जमातीच्या एखाद्या भावाचा माल असू शकतो. नगावर नाव, गाव आणि उतरायचे स्टेशन ठळक लिहावे. दोन-चार मिनिटांच्या थांब्यात हमालाला चिठ्ठी शोधायला सवड नसते. शहाद्याला रेल्वे नाही. तेथील व्यापाऱ्यांनी नंदुरबार की दोंडाईचा हे आधीच ठरवून टेम्पोवाल्याला सांगून ठेवावे.

ईदचा माल शाबानमध्येच भरणारे काही दुकानदार आमच्या ओळखीचे आहेत. भांडवल महिनाभर अडकते खरे, पण शेवटच्या आठवड्यात ते स्टेशनवर दिसत नाहीत, गल्ल्यावर दिसतात.