बोरॉन कार्बाइड : भट्टीत घडणारे कवच

कुंभाराने कच्चे मडके आव्यात भाजले की ते पाण्यात विरघळत नाही. उष्णतेने मातीतील काही घटक अंशतः वितळतात आणि उरलेल्या कणांस बांधून ठेवतात. ग्वाल्हेरच्या चिनी मातीच्या भांड्यांमागेही हेच तत्त्व आहे. याच शास्त्राची पुढील पायरी म्हणजे बोरॉन कार्बाइड होय.

सोनाराच्या टाकणखारापासून बोरिक आम्ल मिळते. ते कोळशासह विजेच्या भट्टीत तापविले असता बोरॉन कार्बाइड तयार होते. काठिण्यात ते हिऱ्याच्या पंक्तीत बसते. वजनाने मात्र पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश भरते. ग्वाल्हेरनजीक टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. तेथून सीमेवर जाणाऱ्या जवानास दिवसभर कवच वागवावे लागते. त्याच्या दृष्टीने हे हलकेपण मोलाचे आहे.

तथापि या भुकटीची वडी बनविणे सोपे नाही. तिच्यातील अणूंचे बंध इतके घट्ट असतात की साध्या उष्णतेने कण एकमेकांस जुळत नाहीत व मध्ये छिद्रे राहतात. म्हणून ग्रॅफाइटच्या साच्यात, निर्वात किंवा निष्क्रिय वायूत, सुमारे २००० अंश सेल्सिअसला भुकटी दाबून भाजतात. या क्रियेस सिंटरिंग म्हणतात. थोडा कार्बन मिसळल्यास कणांवरील ऑक्साइडचा थर निघून जातो व जोड पक्का होतो.

दुसरी अडचण ठिसूळपणाची. त्यावर उपाय म्हणून टायटेनियम डायबोराइडसारख्या पदार्थाचे कण मिसळतात. पुढे सरकणारी भेग अशा कणापाशी वळते आणि तिचा जोर ओसरतो. कवचातील कठीण वडी गोळीचे टोक मोडते. मागील तंतूंचा थर तुकडे अडवितो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच पदार्थापासून ‘भाभा कवच’ विकसित केले आहे. हाच पदार्थ न्यूट्रॉन शोषून घेत असल्याने अणुभट्टीच्या नियंत्रक दांड्यांतही वापरला जातो.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. कमी भाजलेल्या व चांगल्या भाजलेल्या विटेचा एकेक तुकडा कोरडा तोलून रात्रभर पाण्यात ठेवावा आणि पुन्हा तोलावा. वाढलेले वजन म्हणजे छिद्रांत शिरलेले पाणी. विटेतील छिद्राने भिंतीस ओल येते. कवचातील छिद्र जवानाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच पदार्थाच्या काठिण्याइतकेच भट्टीतील कौशल्यही महत्त्वाचे आहे.